माप त्यांचे, फूल आपले

(पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना हसू आले असेल. नागलीला भाव नाही, वरईला गिऱ्हाईक नाही, दिवाळी झाली की निम्मे गाव वीटभट्टीच्या वाटेला लागते, आणि आम्ही पोशेऱ्यात येऊन बोलणार कशावर? तर विलायतेत विकायची दारूची बाटली किती मिलिलिटरची असावी यावर! बैठकीचा कागद गावोगाव गेला तेव्हा एका कार्यकर्त्याने विचारलेसुद्धा, "भाऊ, छापताना काही चूक तर नाही ना झाली?"

चूक झालेली नाही. फाल्गुन-चैत्रात भल्या पहाटे टोपली घेऊन मोहाखाली वाकणाऱ्या बाईच्या पदरात काय पडते, याचा त्या बाटलीशी संबंध आहे. तो कसा, ते समजून घेऊ. त्यानंतर हसायचे की चिडायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

मापाचा कायदा कशासाठी?

माप म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे आपल्या आजीच्या घरात होती. पायली व्यापाऱ्याच्या हातात गेली की तिचा तळ वर कसा येतो, हेही आपण पाहिले आहे. सुकवलेली मोहाची फुले शिगोशीग मापून घ्यायची आणि बदल्यात मीठ, कांदे, सुकी मासळी हात आखडून द्यायची, हा धंदा या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या चालला. मापात पाप ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

म्हणून सरकारने मापे ठरवून द्यावीत याला आमचा विरोध नाही. युरोपात दारूच्या बाटलीची मापे कायद्याने बांधलेली आहेत. १०० मिलिलिटरपासून २ लिटरपर्यंतची बाटली असेल तर ती १००, २००, ३५०, ५००, ७००, १०००, १५००, १७५० किंवा २००० मिलिलिटरचीच पाहिजे. मधले माप चालत नाही. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडले तरी तिथे हीच यादी चालू राहिली. कारण साधे आहे. ७०० ची बाटली गुपचूप ६८० ची केली तर गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही आणि पैसे मात्र तेवढेच जातात.

आता आपल्याकडच्या बाटल्या पाहा. मोठी ७५० ची, अर्धी ३७५ ची आणि पोरेसोरेही जिला क्वार्टर म्हणतात ती १८० ची. या तिन्ही बाटल्यांपैकी एकही त्या यादीत नाही. म्हणजे आपल्या दुकानात ज्या बाटलीतून दारू विकली जाते ती बाटली लंडनच्या दुकानात ठेवता येत नाही. माल चांगला असो, वाईट असो, बाटली पाहूनच दार बंद!

गंमत अशी की ही ७५० ची बाटली आपली नव्हेच. इंग्रजी गॅलन साडेचार लिटरहून थोडा मोठा. त्याचे सहा भाग केले की एक भाग साधारण ७५७ मिलिलिटरचा होतो. त्या जुन्या बाटलीचा हा मेट्रिक अवतार. साहेबाने आपल्या घरी बाटली ७०० ची करून घेतली आणि आपण त्याचे जुने माप सांभाळत बसलो.

जपानने काय केले?

जपानात शोचू नावाची दारू आहे. तांदूळ, सातू, रताळी यांपासून काढतात. आपल्याकडे मडके आणि नळी लावून काढतात त्याच तत्त्वावर, एकदाच वाफ धरून काढलेली शोचू ही तिथली जुनी परंपरा. जपानचे जुने माप शो. एक शो म्हणजे साधारण १.८ लिटर. त्याचा दहावा भाग म्हणजे गो, १८० मिलिलिटर. जपानी लोक शोचू दोन बाटल्यांत भरतात. एक शोची मोठी बाटली १.८ लिटरची, आणि चार गोची बाटली ७२० मिलिलिटरची.

युरोपच्या यादीत ७२० नाही आणि १८०० ही नाही. म्हणजे जपानची गतही आपल्यासारखीच होती. पण जपान सरकार युरोपीय संघाशी व्यापार करार करायला बसले तेव्हा त्यांनी मोटारींबरोबर ही बाटलीही टेबलावर ठेवली. आमच्याकडे जुन्या पद्धतीने काढलेली आणि आमच्याच देशात भरलेली शोचू आमच्याच बाटलीतून तुमच्या बाजारात आली पाहिजे, अशी अट घातली. १७ जुलै २०१८ रोजी टोकियोत करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात युरोपीय संघाने आपला कायदा दुरुस्त करून या दोन बाटल्यांना मुभा दिली, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून करार अमलात आला.

अमेरिकेशीही तेच. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिका आणि जपान यांचा करार झाला, त्यासोबत दारूच्या बाटल्यांचा प्रश्न पुढे सरकला, आणि २०२० च्या डिसेंबरअखेर अमेरिकेने आपल्या यादीत ७००, ७२०, ९०० मिलिलिटर आणि १.८ लिटर ही मापे घातली.

भावांनो, यातली खरी गोष्ट ध्यानात घ्या. जपानने युरोपचा मापाचा कायदा मोडून काढला नाही. यादी तशीच राहिली, फसवणुकीला बंदी तशीच राहिली. फक्त एका जुन्या मालासाठी, त्याच्या जुन्या मापासाठी, कायद्यात एक खिडकी उघडली. कायदा माणसाने केलेला असतो आणि तो माणसाला बदलता येतो. पण त्यासाठी टेबलाच्या अलीकडे बसलेल्याला आपल्या खेड्यातल्या मालाची किंमत कळावी लागते.

आपल्या फुलाचे काय झाले?

आता आपल्या टेबलावर या. शोचूसारखा आपला माल कोणता? मोहाची दारू. तिच्याशी सरकार कसे वागले?

इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला. घरची भट्टी हा गुन्हा झाला. दारू गाळायची ती ठेकेदाराने, सरकारला कर भरून. तेवढ्याने भागले नाही म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठीच कायदा केला, तोही ठाणे आणि कुलाबा या आपल्याच जिल्ह्यांसाठी. नुसते फूल बाळगायचे तरी सरकारची नजर! त्याच काळात उरणला मोहाच्या दारूच्या मोठमोठ्या भट्ट्या धडधडत होत्या. त्यांना फुले कुठून येत? पंचमहालातून, रेल्वेने. आपल्या रानातले फूल आपल्या टोपलीत असले तर गुन्हा, आणि दुसऱ्याच्या रानातले फूल ठेकेदाराच्या भट्टीत गेले की महसूल. असा तो न्याय होता.

इंग्रज गेले. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि मोहाच्या फुलांवरची बंधने नव्या नावाने चालू राहिली. फुले किती ठेवायची, कुठे न्यायची, कुणाला विकायची, सगळ्याला परवाना. ज्याला परवाना काढता येतो तो व्यापारी. ज्याला येत नाही तो आदिवासी. म्हणजे विकणारे हजार आणि घेणारा एक. अशा बाजारात भाव कोण ठरवणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. फूल घरात राहिले तर शिपाई येणार, म्हणून मिळेल त्या भावाला टाकून मोकळे व्हायचे. कायद्याने फुलाचा भाव पाडला तो असा.

ही बंधने उठायला २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी राज्य सरकारने फुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यावरचे निर्बंध काढले. त्याच वर्षी छत्तीसगडमधून सुकवलेली मोहाची फुले जहाजाने फ्रान्सला गेली. सरकारने मोठ्या अभिमानाने त्याची बातमी दिली. आम्हालाही आनंद झाला. पण कापूस इथे पिकायचा आणि कापड मँचेस्टरला विणायचे, ही गोष्ट आम्ही फार वर्षे सांगत आलो आहोत. फूल इथले, दारू तिथली असे झाले तर तीच गोष्ट पुन्हा नव्याने सांगावी लागेल.

देशी असून विदेशी

पुढचे ऐका. एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवले की मोहाची फुले, काजूची बोंडे यांच्यापासून केलेली दारू आतापर्यंत 'देशी मद्य' या वर्गात होती, ती यापुढे 'विदेशी मद्य' या वर्गात धरायची. का? तर देशी म्हटले की तिला भाव मिळत नाही.

हेतू वाईट नसेल. पण शब्दांकडे बघा. फूल जव्हार-मोखाड्याचे, काढण्याची रीत वारली-कोकणा-कातकऱ्यांची, आणि तिला चांगल्या दुकानात जागा हवी असेल तर तिने आपले नाव विदेशी सांगायचे! स्कॉटलंडचा शेतकरी आपल्या व्हिस्कीला स्कॉटिशच म्हणतो, आणि त्या नावाचेच पैसे घेतो. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हापासून वाइन आणि दारू यांच्या गावनावांना इतर मालाच्या नावांपेक्षा जादा संरक्षण आहे. ते युरोपने मागून घेतले. शॅम्पेन हे नाव दुसऱ्याने वापरायचे नाही, स्कॉच हे नाव दुसऱ्याने वापरायचे नाही. आपणही १९९९ साली भौगोलिक नावांचा कायदा केला. त्याखाली गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली नोंदणी मिळाली, आणि २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. त्याआधी फेणी 'देशी दारू' या खात्यात अडकलेली, शेजारच्या राज्यातही तिला धड जाता येत नव्हते.

मध्य प्रदेशाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारशाची दारू म्हणून जाहीर केले, आणि आलीराजपूर, दिंडोरी या जिल्ह्यांतल्या आदिवासी बचत गटांनी ती गाळून बाटलीत भरायला सुरुवात केली. आलीराजपूर कुठे आहे? आपल्या नंदुरबारच्या पलीकडे. नर्मदेच्या त्या काठावर जे जमते ते या काठावर का जमू नये?

दोन बाटल्यांचा हिशेब

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवर आपण १५० टक्के आयात कर घेत होतो. करारात तो आधी ७५ वर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले आहे. आयात कर कमी होण्याला आमचा विरोध नाही. बाजार मोकळा असावा हे आम्ही नेहमीच म्हणतो. आमचे म्हणणे एवढेच की दार दोन्ही बाजूंनी उघडले पाहिजे. गोव्याची फेणी आता विलायतेच्या बाजारात जाईल, असे करारानंतर वर्तमानपत्रांत आले. जावी, जरूर जावी. पण कोणत्या बाटलीतून?

इथे हिशेब करू. स्कॉचवाला मोठा कारखानदार. तो आपल्या घरी ७०० ची बाटली भरतो आणि भारतासाठी ७५० ची वेगळी भरतो. लाखो बाटल्या भरणाऱ्याला वेगळा साचा, वेगळे लेबल, वेगळे खोके यांचा खर्च जाणवत नाही. आता समजा, पोशेऱ्यातल्या बायकांच्या गटाने वर्षाला हजार बाटल्या काढल्या. काचेचा कारखानदार हजार बाटल्यांची मागणी ऐकून घ्यायलाही तयार होत नाही. त्यातल्या आठशे इथल्या मापाच्या आणि दोनशे तिथल्या मापाच्या म्हटल्या तर तो फोन ठेवून देईल. वेगळी बाटली म्हणजे वेगळे बूच, वेगळे लेबल, लेबलाची वेगळी मंजुरी, वेगळा साठा. इकडची शिल्लक राहिली तर तिकडे चालत नाही, तिकडची परत आली तर इकडे चालत नाही. हजार बाटल्यांचा सगळा नफा या दोन मापांच्या मधल्या पन्नास मिलिलिटरमध्ये बुडून जातो.

नियम सगळ्यांना सारखाच, असे साहेब म्हणतो. नियम सारखा असतो, त्याचे ओझे सारखे नसते. पायलीचे ओझे हत्तीला कळत नाही आणि शेळीला उचलत नाही. जपानच्या वाटाघाटी करणाऱ्यांना हे कळले. त्यांच्या लहान भट्टीवाल्यांनी घरी एक आणि परदेशी दुसरी अशा दोन बाटल्या सांभाळाव्यात असे त्यांनी होऊ दिले नाही.

आणखी एक मेख आहे. परदेशाशी करार करते दिल्ली. पण दारू हा आपल्या घटनेप्रमाणे राज्याचा विषय. गाळायचा परवाना मुंबईचा, कर मुंबईचा. त्यामुळे दिल्लीने करारात खिडकी उघडली तरी मुंबईने दाराला कुलूप ठेवले की गाडी अडलीच. दोन्हीकडे मागणी केल्याशिवाय उपाय नाही.

बायकांचा सवाल

आता ज्या प्रश्नाची आम्ही वाट पाहत आहोत तो. या सभेत बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर तो आम्हाला दिसतो आहे. दारूने घरे बुडाली, पोरे उपाशी निजली, आणि तुम्ही दारूच्या बाटलीचे कौतुक सांगता? दुकान बंद करण्यासाठी आम्ही मतदान केले, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली छापली होती, आम्ही आडवीवर शिक्का मारला, तो काय यासाठी?

बायांनो, तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो बाजूला सारून आम्हाला पुढे जायचे नाही. नवसागर टाकून केलेली, काळ्या गुळाची, रात्रीत तयार होणारी दारू माणसे मारते, आणि तिला राखणारे हात कोणाचे असतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण आमचा एक उलट प्रश्न आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे मोहाच्या फुलावर पहारा बसला होता. त्याने दारू थांबली का? थांबला तो फुलाचा भाव. मोहाची चोरून झाली, नवसागराची उघड झाली, आणि पैसा गेला तो गावाबाहेर.

दुसरे असे की निर्णय तुमच्या हातात आहे, आणि तो कायद्याने आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला दोन अधिकार दिले. एक, गौण वनोपजाची मालकी. म्हणजे मोहाचे फूल गावाचे. दोन, दारूवर बंदी घालायची किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवायचे, हे गावाने ठरवायचे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले, ज्या वर्षी आपला पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही वनोपजावरचा हक्क मान्य केला. तेव्हा ज्या गावाच्या बायका म्हणतील की आमच्या शिवारात भट्टी नको, तिथे भट्टी नको. आम्ही त्या गावाच्या बाजूने उभे राहू. ज्या गावाच्या बायका म्हणतील की फुले आम्ही विकू, लाडू करू, मनुके करू, पण दारू नाही, त्यांचेही बरोबर. आणि ज्या गावातल्या बायका स्वतः गट करून म्हणतील की आम्ही थोडी आणि चांगली दारू गाळू, गावात विकणार नाही, बाहेर चांगल्या भावाने पाठवू, त्यांच्या पायात ठेकेदाराच्या काळातला कायदा आणि साहेबाच्या मापाची बाटली आडवी येता कामा नये. आमचे म्हणणे एवढेच आहे.

काय मागायचे?

पाच मागण्या आम्ही आज मांडतो. त्यावर गावोगाव बोला, दुरुस्ती सुचवा.

पहिली. मोहाच्या दारूबद्दलचा कोणताही परवाना ग्रामसभेच्या ठरावाशिवाय देऊ नये. ठराव झाल्यावर मात्र तो अडवू नये.

दुसरी. हा परवाना फुले वेचणाऱ्यांच्या गटांना, लहान भट्टीसाठी, त्यांना झेपेल अशा शुल्कात मिळावा. नाहीतर २०२२ च्या निर्णयाचा लोण्याचा गोळा पुन्हा उरणच्या भट्टीवाल्यांच्या नव्या वारसांना जायचा.

तिसरी. फळाफुलांच्या दारूला राज्याने ७५० बरोबर ७०० ची बाटलीही खुली करावी, म्हणजे लहान उत्पादकाला एकाच बाटलीत दोन्ही बाजार करता येतील. बाटलीवर माप मोठ्या अक्षरात छापावे. मापात पाप आपल्यालाही करायचे नाही.

चौथी. यापुढच्या प्रत्येक व्यापार करारात भारत सरकारने आपल्या जुन्या रीतीच्या दारूंसाठी, फेणी असो की मोह, बाटलीची खिडकी मागून घ्यावी. जपानला जी मिळाली ती आपल्याला का नाही, हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर विचारला गेला पाहिजे.

पाचवी. मोहाच्या दारूला तिच्या स्वतःच्या नावाने वर्ग असावा. देशी म्हणून हिणवू नका आणि विदेशी म्हणून लपवू नका. मोह म्हणा.

भावांनो आणि मायबहिणींनो, यातून उद्या पोशेऱ्याची बाटली लंडनला जाईल असे स्वप्न आम्ही दाखवत नाही. कदाचित एकही जाणार नाही. पण बाहेरचे दार उघडे असले की आतला व्यापारी भाव पाडताना दहादा विचार करतो. फूल घेणारे एकाचे चार झाले की ते वेचणाऱ्या बाईला 'या भावात देणार नाही' असे म्हणता येते. शेतकऱ्याला स्वातंत्र्य पाहिजे ते एवढेच. नाही म्हणण्याचे.

येत्या चैत्राच्या आधी प्रत्येक गावात ग्रामसभा लावा. बायकांना पुढच्या ओळीत बसवा. फुले आपण कोणाला, कोणत्या मापाने आणि कोणत्या भावाने देणार, याचा ठराव लिहा. भट्टी हवी की नको, तेही त्यातच लिहा. ठरावाची एक प्रत तहसीलदाराला द्या, एक आमच्याकडे पाठवा. पुढच्या जिल्हा बैठकीत आम्ही ते ठराव वाचून दाखवू.